लाल पट्टीवरचा फ्लेक्स

मंगळवार, संध्याकाळ

१. रविवारी रेश्माने आणि मी नदीकडच्या खांबावर लाल पट्टी रंगवली. पाणी तिथवर आलं की खालच्या गल्लीने घरं सोडायची.
२. आज त्याच पट्टीवर सरपंचांनी पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला. वर लिहिलंय, 'तरुणांनो, गावासाठी पुढे या!'
३. काढा म्हटलं. काढला नाही.

"इंजिनेरबाई, पाणी काय आजच येतंय व्हय? चार दिस ऱ्हाऊ दे की," म्हणाले. कृष्णा चढायला चार दिवस पुरतात, हे शिरोळात राहून त्यांना मी सांगायचं? पट्टीची उंची मी लेव्हलचं यंत्र लावून काढली होती. तेव्हा हा पुतण्या फिरकलाही नव्हता.

रेश्माचं घर खालच्या गल्लीतच. माझ्या आग्रहामुळे ती पहिल्यांदा अशा कामाला आली. आज फ्लेक्स बघून म्हणाली, "आलो की पुढं. झाकलं आम्हालाच. परत बोलवू नगंस मला."  तिचं म्हणणं चूक नव्हतं.

ती पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही.

सरपंचांना आत्ताच मेसेज केला: "काका, फ्लेक्स दुसरीकडे कुठेही लावा. पट्टी मोकळी करणार की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा. रेश्माला उत्तर द्यायचं आहे."