मीठ टाकणारे पैलवान

आबा,

आज दुपारी पुन्हा ते मीठ टाकणारे पैलवान पाहिले. सूनबाईनं मोबाइलवर लावून दिले आणि ती आत निघून गेली. आता लाइट जायची भीती नाही, केबलची तार हलवायला कुणाला गच्चीवर पाठवायला नको, आणि रंगही दिसतात. त्यांच्या कमरेचे पट्टे जांभळे, हिरवे, लाल असतात, हे मला तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलं. आपल्या छोट्या टीव्हीवर सगळं काळंपांढरं होतं. मीठ तेवढं तेव्हाही पांढरं होतं, आजही पांढरंच आहे. एक धिप्पाड गडी वाकला, मूठभर मीठ उचललं आणि पेरणी करावी तसं रिंगणावर उधळलं. तेव्हा तुमचा डावा हात गादीवरून उचललेला मला पुन्हा दिसला. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून कुठं टाकायचं हे माहीत नाही. पण मी आयुष्यभर शाळेत पत्रलेखन शिकवलं, तेव्हा बसलो की मजकूर येतोच.

तुमची उजवी बाजू गेली त्या दिवाळीनंतर मी तुम्हाला गावाहून परभणीला आणलं. तालमीत पन्नास पोरांना एका हाकेत उभं करणारा माणूस, आणि त्याच्या तोंडून एका वेळी दोन शब्दांवर तिसरा येत नव्हता. आधी मी तुम्हाला कविता वाचून दाखवायचो. मला वाटायचं, चालीचा नाद कानावर पडला तर जीभ मोकळी होईल. तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात. मग त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत केबल आली. माझी शाळा सकाळची होती. एका दुपारी मी घरी आलो, टीव्ही लावला तर परदेशी खेळांच्या चॅनेलवर दोन डोंगर एकमेकांसमोर उकिडवे बसलेले. तुमची सून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "अगं बाई! ह्यांना धोतर तरी नेसवा कुणीतरी." मी चॅनेल बदलायला उठलो तर मागून तुमचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे." किती दिवसांनी आला होता.

त्या दिवसापासून रोज दुपारी तुम्हाला उशीला टेकवून बसवणं आणि तो तासाभराचा कार्यक्रम लावणं, एवढंच माझ्या हातात होतं. तो जपानी कुस्तीचा खेळ, सुमो त्याचं नाव, मलाही नवाच होता. सांगणारा इंग्रजीत भरभर बोलायचा. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, अर्जापुरतं. पण तुम्ही विचारायचात, "काय... म्हणायलाय?" आणि तुमच्या डोळ्यांत बघून "कळलं नाही" असं म्हणवत नसे. अर्धं कळायचं, उरलेलं मी मनानं सांगायचो. हा पैलवान शेतकऱ्याचा पोर आहे म्हणे, ह्याच्या वस्तादानं ह्याला पहिली तीन वर्षं नुसती माती झाडायला लावली म्हणे. तुम्ही मान हलवायचात. ते मीठ माती शुद्ध करायला टाकतात, एवढं मात्र खरंच कळलं होतं. त्यावर तुम्ही बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणालात, "आपुन... ताक." बरोबर होतं, आबा. आपल्या काळ्या रानाच्या गावात लांबून गाडीनं आणलेली तांबडी माती, तिच्यात तुम्ही ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचात आणि ती मुरेपर्यंत आठ दिवस आत कुणाला पाऊल टाकू द्यायचा नाहीत.

एकदा तुम्ही खेळाचा नियम विचारलात. मी सांगितलं, इथं पाठ लावायची गरज नाही, तळपाय सोडून अंगाचं काहीही मातीला टेकलं की तो हरला. "गुडघा?" गुडघा टेकला तरी. "हात?" हात टेकला तरी. तुम्ही गादीवर पडलेल्या तुमच्या उजव्या हाताकडं पाहिलंत. "मग... मी गेलो की." आणि अर्ध्या तोंडानं हसलात. मीही हसलो आणि पाणी आणायला म्हणून उठून गेलो.

तुम्हाला मी मातीत कधी आवडलो नाही, हे मला माहीत आहे. आठवीत असताना तुम्ही मला तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला बोटं मोजताना पकडलंत. म्हणालात, "किती झाल्या रं बैठका?" मी म्हणालो, "बैठका न्हाई आबा, कवितेच्या मात्रा मोजायलोय." तुम्ही सगळ्या तालमीसमोर कपाळाला हात लावलात. "देवा, मारुतीच्या घरी भाट जलमला!" पण मग तुम्हीच म्हणालात, म्हण बघू ती. मी शाळेतली कविता मोठ्यानं म्हटली आणि चालीच्या ठेक्यावर पोरांच्या बैठका आपोआप पडायला लागल्या. त्या दिवसापासून कितीतरी वर्षं आपल्या तालमीत आकडे मोजले गेले नाहीत. चार कडवी झाली की शंभर बैठका, असा हिशोब. पुढं मी मास्तर झालो, सुट्टीला यायचो, तरी तोच रिवाज चालू होता. त्या सगळ्या पोरांत त्या कवितेचा अर्थ मला एकानंच विचारला. बौद्धवाड्यातला तुमचा पठ्ठा. "सर, शेवटच्या कडव्यात त्यो घरी कामून जात न्हाई?" असं घाम पुसत विचारायचा. तुमच्या हाताखाली त्याच्याइतका चिवट गडी दुसरा तयार झाला नाही, हे तुम्हीच सांगायचात.

विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाचा तो पावसाळा. आसपासच्या गावांतून घरं पेटल्याच्या बातम्या यायच्या. आपल्या गावात काही पेटलं नाही, ह्याचा आपण पुढं अभिमान सांगत आलो. पण नागपंचमीच्या कुस्त्या तोंडावर आल्या होत्या आणि त्यात तुमच्या पठ्ठ्याची जोड लागली होती. चार वजनदार माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसली. "वस्ताद, तालीम गावाची हाय. त्याला मातीत घिऊ नका आता. दिवस बरे न्हाईत." तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. ते गेल्यावर तुम्ही तालमीची चावी माझ्या हातात ठेवलीत. "तूच सांग. तुला बोलता येतं."

मला बोलता येत होतं खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंगोट खांद्यावर टाकून आला तेव्हा मी दार अडवून उभा होतो. म्हणालो, "माती मुरत घातलीय. आठ दिवसांनी ये." त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. माती कोरडी ठणठणीत होती, आदल्या दिवसाची पावलं तशीच उमटलेली होती. आणि मातीत ताक-तेल कालवायचं काम तर दर खेपेला तोच करायचा, आबा. माती कधी मुरत घातली आणि कधी नाही हे गावात तुमच्याखालोखाल त्याला कळायचं. तो एवढंच म्हणाला, "बरं सर." त्यानं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि निघून गेला. आठ दिवसांनी आला नाही. पुढं कळलं, रेल्वेत लागला, पिंगळीच्या फाटकावर. तुम्ही त्याचं नाव पंधरा वर्षं घेतलं नाहीत, आणि पोरांच्या बैठका तुम्ही त्या पावसाळ्यापासून आकड्यांवर मोजायला लागलात. मी त्याचं कारण विचारलं नाही.

हे सगळं तुमच्या मनात आहे, हे मला त्या टीव्हीपुढं कळलं. त्या खेळात एक उंचच उंच गडी होता, बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसणारा. तुम्ही चार दिवस त्यालाच निरखत होतात. पाचव्या दिवशी म्हणालात, "त्यो... येगळा दिसायलाय." मी सांगितलं, तो त्यांच्यातला नाही, समुद्रापलीकडच्या बेटावरून आलेला आहे. "बाहेरचा?" बाहेरचा. "अन्... मातीत घेतला?" मी म्हणालो, घेतला आबा, आणि सगळ्यात मोठा मानही त्यालाच दिलाय. हे मी मनानं सांगितलेलं नव्हतं, खरं होतं. नेमकी त्याची कुस्ती लागणार होती. तो मीठ टाकायला वाकला आणि लाइट गेली. पडद्यावर पांढरा ठिपका उरला, तोही विझला. तुम्ही त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिलात. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. पैलवानाची पकड होती ती, अर्धं अंग गेलेल्या माणसाची नव्हे. "त्याला... बोलीव." कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. "पिंगळी," तुम्ही म्हणालात. आणि मग पुन्हा तेच, पंधरा वर्षांपूर्वीचं. "तूच... सांग."

पिंगळी म्हणजे परभणीपासून गाडीनं किती वेळ लागतो, आबा? वर्तमानपत्राची दोन पानं वाचून होत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टेशनावर गेलो. तिकीटसुद्धा काढलं. गाडी आली, थांबली, गेली. मी बाकावर बसून राहिलो. नामांतराचा विषय पुन्हा पेटला होता, गल्लीत संध्याकाळी घोळके उभे राहायचे, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांचे डोळे माझ्यावर होते, आणि असल्या दिवसांत तो आपल्या घरी येऊन गेला तर दोन्हीकडचे लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगत होतो. ते सगळं खरं होतं. पण खरं कारण तेवढं मोठं नव्हतं. मला त्याच्या समोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच. माझ्या खांद्यावरून कोरड्या मातीकडं गेलेली त्याची नजर मला पुन्हा झेलायची नव्हती.

घरी आलो. तुम्ही दाराकडं बघतच होतात. "गेलतास?" मी म्हणालो, "गेलो होतो. आठ दिवसांनी येतो म्हणाला." टीव्हीवरचं मनानं सांगायची सवय लागली होती, तसंच हेही तोंडातून निघून गेलं. तुमचा चेहरा असा उजळला, आबा, की ते मागं घ्यायची माझी ताकद नव्हती.

मग तुम्ही दिवस मोजायला लागलात. सुनेकडून दाढी करून घेतलीत, धुतलेला सदरा मागितलात. आठव्या दिवशी फेटा बांधायला लावलात. डाव्या हातानं जमेना, मला धड बांधता येईना, शेवटी कसाबसा डोक्याला गुंडाळला. दुपारी पैलवान आले, मीठ टाकून गेले, तुमचं लक्ष दाराकडं. मी सांगितलं, ड्युटी असेल. पुढच्या आठवड्यात सांगितलं, वातावरण निवळू द्या म्हणाला. संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आता तरी येईल ना, अशा नजरेनं. मी तिळगुळाची वाटी पुढं केली. रोज सकाळी ठरवायचो की आज जायचंच, आणि रोज संध्याकाळी दुसरं काहीतरी सांगायचो. इतकी वर्षं पोरांना शब्दाला जागावं असं शिकवणारा मी, तुमच्या पायाशी बसून शब्दानं तुम्हाला रोज थोडंथोडं बुडवत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं.

मग एका दुपारी तुम्ही फेटा मागितला नाहीत. मी टीव्ही लावला तर म्हणालात, "नगं." आणि अगदी स्पष्ट, आजारपणातलं सगळ्यात लांब वाक्य तुम्ही बोललात. "न्हाई येत त्यो. बरोबर हाय त्याचं."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. तो चुकला नाही आबा, त्याला कुणी बोलावलंच नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, त्याची चवही मला आठवते. पण तुमचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा शांत होता. मला वाटलं, हिशोब मिटवून मोकळे झालात, आता कशाला पुन्हा उकरायचं. हेही मी मनानंच सांगितलं, ह्या वेळी मलाच. महाशिवरात्रीच्या आधी तुम्ही गेलात.

दहाव्याला तो आला. नदीवर सगळ्यांच्या मागं उभा होता, अंगात रेल्वेचा निळा सदरा, हातात टोपी. कावळा शिवायला वेळ लावत होता. लोक म्हणत होते, वस्तादांचा जीव कशात तरी अडकलाय. कुणी शेताचं वचन दिलं, कुणी तालमीचं. मी नदीच्या पाण्याकडं पाहिलं. तो पुढं आला नाही. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, वस्ताद इतके दिवस पडून होते म्हणं. निरोप तरी धाडायचा व्हता. मी तिथं हाकेवर व्हतो." मी म्हणालो, "गडबडीत राहून गेलं." त्यानं माझ्याकडं पाहिलं, तसंच, खांद्यावरून आत पाहिल्यासारखं. म्हणाला, "बरं सर."

तो अजून आहे, आबा. रिटायर होऊन पिंगळीतच घर बांधलंय त्यानं. गुडघे गेलेत म्हणतात. आता दोघंही म्हातारे झालो. तुम्ही मरताना त्याला दोष दिला नाहीत, बरोबर हाय त्याचं म्हणालात, एवढं त्याला कळायला हवं, आणि ते सांगू शकणारा माणूस मी एकटाच उरलोय. आज ते पैलवान पाहताना मी इतका वेळ डोळे पुसत होतो की सूनबाई बाहेर आली. तिला मी थोडंबहुत सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग जाऊन या ना. रिक्षा सांगू का?"

मी तिला म्हणालो, जाऊ आठ दिवसांनी.