दारावरचे नाक

ती. अक्का,

धाकट्याने पायांवर डोके ठेवले आहे असे समजावे. (सूनबाई, तू अक्काला पत्र वाचून दाखवतेस, देव तुझे भले करो. पण कंसातले तेवढे मनात वाचायचे. अक्काच्या डोळ्यांवर पट्टी आहे तोवर ही सोय आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पट्टी कधी निघणार? निघाल्यावर लांबचे नीट दिसेल की जवळचे? आणि काळ्याशेजारी काळे उभे केले तर फरक कळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचार. सहज आपले. मला परवापासून डाव्या कानात वारा भरल्यासारखे वाटते, पण माझे राहू दे.

तुझी काजळी मजेत आहे. आईवेगळी कालवड तू बाटलीने दूध पाजून वाढवलीस, आणि दवाखान्यात जाताना माझ्या हवाली करून म्हणालीस, "बाळ, हिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस." तेव्हापासून मी झोपेतसुद्धा तिचे पाय मोजतो. तुझ्या तपकिरी शालीचे टोक चघळायला मिळत नाही म्हणून ती सध्या माझा मफलर चघळते. मी टोक पुढे करतो. खोडी म्हणावी अशी एकच केली. हिने (म्हणजे तुझ्या भावजयीने) मागच्या दाराला सायीच्या रंगाचा नवा रंग दिला होता, तो ओला असतानाच काजळीने त्यावर नाक टेकले. चांगले तळहाताएवढे नाक उठले. ही म्हणाली, "पॉलिश पेपरने घासून काढा." मी रोज उद्या म्हणतो, कारण ती धूळ छातीत जाते आणि आपल्या घराण्यात छाती नाजूक आहे.

ती इकडे आल्या आल्याच मी तिची तपासणी केली, तर चारही पायांना खुरांच्या जरा वर, मागच्या बाजूला, दोन दोन टणक गाठी! चारही पायांना तेलाच्या पट्ट्या बांधून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. मुलगी तरुण आहे, हुशार आहे, पण फार हसते. म्हणाली, "काका, ही छोटी खुरं आहेत. सगळ्याच गाईगुरांना असतात, जमिनीला टेकत नाहीत इतकंच." मी म्हटले, टेकत नाहीत तर दिली कशाला? ही आतून म्हणाली, "तुम्हाला अक्कलदाढ दिली, तशीच."

पुढच्या आठवड्यात काजळीला सर्दी झाली. नाक सारखे ओले. मी सारखे पुसायचो. पुसून पुसून शेवटी नाक कोरडे पडले, आणि कोरडे नाक म्हणजे ताप, हे मला पक्के ठाऊक, म्हणून पुन्हा डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, "आधी तो टॉवेल इकडे द्या." मग नीट समजावले. त्या नाकाच्या कातडीखाली बारीक बारीक ग्रंथी असतात, त्या नाक ओलेच ठेवतात. शिंगाचे कवच, खूर, केस, सगळे कातडीतूनच उगवते. (म्हणजे माझे टक्कल ही पडीक जमीन.) आणि नाकावर ज्या बारीक रेघा आणि उंचवटे असतात, ते आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. एकीचे दुसरीला कधी जुळत नाहीत. नखेही कातडीचीच, हे ऐकून मी माझ्या पायाचे पिवळे पडलेले नख पुढे केले. त्या म्हणाल्या, "मी फक्त जनावरांचं बघते." ही आतून म्हणाली, "मग बघा की."

आता जरा घाबरू नकोस, शेवट गोड आहे. (सूनबाई, इथे आवाज खाली आण.) शेजारच्या गवळ्याचीही एक कालवड आहे. तीही काळी, तेवढीच, शिंगे तशीच नुकती टोकावलेली, कपाळावर भोवराही तिथेच. मधे कुंपण आहे, कुंपणाला फाटक, फाटकाला कडी. कडी लागली आहे ना, हे पाहण्यासाठी मी ती तीनदा काढून लावली. त्यातली शेवटची खेप लावायची राहिली. थोड्या वेळाने बघतो तर अंगणात दोन काजळ्या! हाक मारली, दोघी आल्या. (हातात पेंडीची बादली होती.) गवळी आला आणि छाती काढून म्हणाला, "काका, जन्म गेला माझा जनावरांत. ही माझी." एकीला घेऊन गेलासुद्धा. उरलेलीला मी काजळी म्हणून कुरवाळले आणि मफलर पुढे केला. तिने हुंगला आणि तोंड फिरवले.

अक्का, मला जेवण गेले नाही. मग एकदम नाकाचा ठसा आठवला. घरात शिक्क्याची शाई होती. तिच्या नाकाला फासली आणि कागद घेईपर्यंत तिने जिभेने चाटून साफ केली. पुन्हा फासली, तर ती शिंकली आणि सगळी शाई माझ्या तोंडावर. कुंपणापलीकडून गवळी म्हणाला, "वा काका, तुमच्या थोबाडावर ठसा झकास उठलाय." शेवटी डॉक्टरीणबाईच आल्या. गवळ्याने नाक कोरडे पुसायचे, त्यांनी शाई लावून कागद चटकन दाबायचा, मी मान धरायची. (धरलेली गवळ्याची निघाली, पण ते असो.) दोन्ही कालवडींचे ठसे घेऊन झाले, पण ताडून बघायचे कशाशी? तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या दाराशी! दुसरं कशाशी?"

दारावरच्या नाकाशेजारी कागद धरले, तर गवळ्याने छाती काढून नेलेली तीच आपली काजळी! त्याने कान खाजवला. "तरीच म्हटलं, ही माझा टॉवेल का खातेय." हिने विचारले, "जन्म जनावरांत गेला ना?" तो म्हणाला, "गेला काकू, पण नाकाकडे कोण बघतंय?" काजळी घरी आली, तिने माझा मफलर पार गळ्यापर्यंत चघळला, आणि मी उद्या-उद्या केल्यामुळेच दार वाचले हे हिला तोंडाने कबूल करावे लागले. तेव्हा तू निर्धास्त राहा, डोळे चोळू नकोस, आणि बरी झालीस की आपली काजळी घेऊन जा.

तुझा,
बाळ

ता. क. कानातला वारा गेला. आता गुडघ्यात आला आहे.

ता. क. दुसरा. (सूनबाई, हा सगळाच कंसात आहे. पत्र पाकिटात घालण्याआधी कडी लागली आहे ना, हे बघायला गेलो होतो. जास्त लिहीत नाही. दोघी अंगणात शेजारी शेजारी उभ्या आहेत. ठशांचे कागद आणि मफलर दोघींनी मिळून संपवले. "आता काम झालं ना?" म्हणून हिने सकाळीच दार घासून लख्ख केले आहे. गवळी म्हणतो, "ह्या खेपेला आधी तुम्ही निवडा." तरी अक्काची ती तपकिरी शाल, न धुता, उलट टपालाने पाठव. जी चघळेल ती आपली. दोघींनी चघळली, तर पट्टी आणखी आठवडाभर राहू द्यावी, असे डॉक्टरांना सांगून बघ.)