मुळाकडची चार बोटं

मंगळवार, १२ मार्च
दुपारी, पार्लरमधून

ताई,

आम्ही सगळे ठीक. ह्यांची पाठदुखी थांबली, आता नुसती कुरकुर उरली आहे. तुझ्याकडे लग्नाची तयारी जोरात असेल.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस, लहानपणापासूनची सवय. पत्राच्या मध्येच तुला बोलता येत नाही, म्हणून हा उद्योग.

परवा व्हिडिओ कॉलवर भिंगरीला बघून तू म्हणालीस, "पोरीच्या केसांचा झाडू झालाय! शिकायला तुझ्याकडे ठेवलीय, पार्लरवाली मावशी असून उपयोग काय? दादाच्या लग्नाआधी चांगला काळा रंग लावून दे." टोमणा बसला हो. म्हणून आधी केसांचंच सांगते.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. आधी पाण्याला दोष दिला. आमच्या टाकीचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही. तिच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी ठेवलं. शाम्पू बदलला, ड्रायर कपाटात कुलूपबंद केला, उन्हात जाताना डोक्याला रुमाल बांधायला लावला. आठवड्यातून दोनदा कोमट तेल. ती मुकाट्याने मान खाली घालून बसायची. एरवी हिने मला तेलकट हातांनी घरभर पळवलं असतं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रविवारी तिला खिडकीपाशी उजेडात बसवून भांग पाडला. ताई, ऊन, पाणी, रंग यांनी केस बिघडतात ते टोकांकडून. टोकं जुनी, सगळं सोसलेली. मुळाकडचा केस नवा, चकचकीत असतो. हिचं नेमकं उलटं. टोकं अजून काळीभोर, अगदी तुझ्या केसांसारखी. आणि मुळाकडची चार बोटं तांबूस, विटलेली, हाताला वाळल्या गवतासारखी. एक ओला केस ताणून बघितला. चांगला केस थोडा ताणतो, मग तुटतो. हा तटकन तुटला. असला बिघाड बाहेरून होत नाही गं. पोटात काही जातच नाहीये पोरीच्या.

चार बोटं म्हणजे पाच-सहा महिन्यांची वाढ.

असो. होणाऱ्या सुनेला साडी आवडली का? आणि हॉल तोच ठरला ना, की बदलला?

नाही, असो काय! लिहितेच.

पाच-सहा महिन्यांपूर्वी तू तिचा लग्नातला ड्रेस घेऊन आलीस. मुद्दाम एक माप लहान शिवलेला. सगळ्यांसमोर म्हणालीस, "यात मावलीस तर फोटोत उभी राहा. नाहीतर निम्मी जागा तूच अडवशील." सगळे हसले. मीही हसले. तीसुद्धा हसली.

तेव्हापासून तो ड्रेस तिच्या पलंगासमोर टांगलेला आहे. कॉलेजातून डबा रिकामा यायचा म्हणून मी खूश. काल आमच्या बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, "भिंगरीताईंमुळे आमच्या कुत्रीची मजा आहे, रोज डब्यातली भाजी-पोळी." तरीच ती मेली कुत्री एवढी सुटली होती!

तसंच उचलून भिंगरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगात रक्त फार कमी, पाळी चार महिने नाही. मी केसांचं विचारलं तर म्हणाल्या, "केस मागून येतील हो. मला हिच्या हृदयाची काळजी आहे. आठवडाभरात खायला लागली नाही तर भरती करावं लागेल." ताई, मी घाबरलेय. खरंच घाबरलेय.

आणि तू म्हणतेस, रंग लाव. अर्ध्या तासाचं काम आहे. काळेभोर होतील, फोटोत कुणाला काही दिसणार नाही. म्हणूनच मी लावणार नाही.

मी समजावलं, ओरडले, रडले, हाताने भरवलं. घास गालात धरून बसते आणि म्हणते, "आईचा फोटो बिघडायला नको." माझ्या बोलण्याने ते निघत नाही गं. तू बोललीस, तुलाच ते परत घ्यावं लागेल. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाहीये. पण तू ये. हॉल, पाहुणे, सगळं राहू दे दोन दिवस. आल्यावर वजन आणि केस यांतलं काही काढू नकोस. तिच्याशेजारी ताट घेऊन बस, आणि तूही पोटभर जेव.

तो ड्रेस आता तिला मावतो, ताई. मावून उरतो. आज सकाळी हातात पिना घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मावशी, दोन्ही बाजूंनी अजून आत घेऊन देशील? आईला सांगू नकोस."

सांगितलं बघ मी. आता ये.

तुझीच,
धाकटी