रजईतली बादली

परीक्षित,

क्लॉझेटमध्ये लपवलेल्या बादलीच्या नळीतून आज सकाळी जरा जास्तच भराभर बुडबुडे येत होते. तापमान पाहिलं तर अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइट, हवं त्यापेक्षा दहा अंश जास्त. आईंनी बादलीला त्यांची रजई गुंडाळली होती. म्हणाल्या, "सनीव्हेलच्या या थंडीत इडलीचं पीठ कसं फुगायचं?"

बादली मी टबमध्ये गार पाण्यात ठेवली आहे. पाण्यात थोडा बर्फ घाल, पण झाकण उघडू नकोस. आपली पेल एल बीअर बहुतेक वाचेल, फार तर फळांसारखा वास येईल. आम्ही दोघी भाजी आणायला गेलो आहोत. काळजी करू नकोस. आज मला नीट झोप लागेल.

त्या पीठ ढवळायला निघाल्या, तेव्हा ही बीअर आहे हे सांगावंच लागलं. मला वाटलं, आता रडतील. तर हसल्या. "अगं, तुझे सासरे तांदळाच्या डब्यामागे बाटली ठेवायचे. मला काय कळत नव्हतं?" मग रजईची घडी घालता घालता म्हणाल्या, "आणखी काय लपवलंय दोघांनी?"

त्या परत जायच्या आधी सांगू, असं तू दर रविवारी म्हणतोस. त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की मी बोलून टाकलं, "आई, आम्ही पुण्याला परत येणार नाही. इथे अमेरिकेतच राहायचं ठरवलंय."