शेऱ्याचा रकाना

१८ फेब्रुवारी, रविवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक. तुझ्याकडे सर्व कुशल असेल, असे धरून चालते.

तुझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण सहा वर्षांपूर्वी मी नाकारले ते योग्यच होते, हे या पत्रात सिद्ध करायचे आहे. तुझ्या चिठ्ठीत तीनच ओळी आहेत: अपुरे प्रबंध विभाग महिनाअखेर रद्द करणार, पदवी मिळायची तर मार्गदर्शकाची संमती लागेल, ‘बघ जमलं तर.’ आत्याला असे लिहितात का, हा प्रश्न बाजूला ठेवते. संमती मागितली आहेस, तेव्हा कारणे मांडणे माझे कर्तव्य ठरते.

वस्तुस्थिती अशी. समुदाय विकासाच्या अभ्यासक्रमात तू विषय घेतलास तो परदेशी निधीतून उभ्या राहिलेल्या पुनर्वसन वसाहतीचा. प्रश्नावली माझी होती. नववा प्रश्न: गेल्या आठवड्यात घरात कोणी उपाशी राहिले का? एकशे बारा बायकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. त्यांपैकी निदान चाळीस जणी खरे बोलल्या नाहीत, असे तू लिहिलेस. तू त्यांच्या थंड चुली पाहिल्या होत्यास.

पहिला मुद्दा: उत्तर हा पुरावा असतो, संशोधकाला आलेला संशय हा पुरावा नव्हे. दुसरा: शेऱ्याचा रकाना मी प्रश्नावलीतून मुद्दाम काढून टाकला होता, कारण शेरे मोजता येत नाहीत. तू ते समासात लिहिलेस. समासातल्या मजकुरावर प्रकरण उभे राहत नाही.

तेव्हा माझ्या खोलीत तू म्हणालीस, “आत्या, बाई आधी विचारणाऱ्याकडे बघते, मग प्रश्नाकडे. शेजारीण दारात उभी असताना कोण सांगेल गं, की पोरं उपाशी झोपली?”

“तू तिथे संशोधक म्हणून गेली होतीस की पाहुणी म्हणून?” असे विचारून मी प्रत्येक पानावर तांबडी रेघ ओढली. दुसऱ्या दिवसापासून तू विभागात आली नाहीस. तुझ्या वडिलांनी माझ्याशी अबोला धरला. पुढे माझा भाऊच गेला, आणि बोलणे पुन्हा सुरू करून देणारे कोणी उरले नाही.

तिसरा मुद्दा मांडण्याआधी गुरुवारची एक घटना नोंदवणे आवश्यक आहे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा अभ्यास करणारी विभागातली एक मुलगी दारात आली; मी निवृत्त झाल्यानंतरची, मला न ओळखणारी. “आजी, सोळाच प्रश्न आहेत हं. चहाबिहा काही नको.” कागद पाहताच मी तो ओळखला; माझ्याच जुन्या प्रश्नावलीवरून बेतलेला, शेऱ्याच्या रकान्याविना. त्या प्रश्नावलीची आजी मीच होते. पण ते सांगितले नाही. बसण्यासाठी तिला दुसऱ्या खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलावा लागला. खालचे आसन कोरे करकरीत निघाले.

अकरावा प्रश्न: गेल्या आठवड्यात घरी येऊन तुमच्याशी कोणी बोलले का?

“हो तर,” मी म्हणाले. “रोज कोणी ना कोणी असतंच. दर रविवारी भाची येते. इतकी बडबडते की डोकं उठवते.”

“मज्जा आहे की मग तुमची!” मुलगी हसली. मग तिची नजर गठ्ठ्याकडे गेली, तिथून खुर्चीकडे. पेन क्षणभर थांबले. पण लिहायला कागदावर जागाच नव्हती. तिने ‘हो’वर खूण केली.

माझ्या दारात शेजारीण उभी नव्हती. मला गमावण्यासारखेही काही नव्हते. एक परकी, सभ्य मुलगी माझी कीव करील, एवढीच भीती. आणि तेवढ्यासाठी, जन्मभर पुराव्याचे शास्त्र शिकवलेल्या बाईने तुझ्या भेटी रचून सांगितल्या. त्या मुलीचे कोष्टक आता नीटनेटके आहे. त्यात माझे उत्तम चालले आहे.

तेव्हापासून तुझे प्रकरण वाचते आहे. तुझी प्रत तू फाडली असशील. माझी कपाटात होती. सव्विसाव्या पानावर एक बाई तुला म्हणते, “लिही बाई, सगळं छान चाललंय. दमली असशील, पाणी घे.” समासात तुझे अक्षर: ‘माठ रिकामा होता. पाणी शेजारून आणलं.’ हे मोजता येत नाही. मी ते तीनदा वाचले.

तिसरा मुद्दा मला सुचलेला नाही.

संमतिपत्र सही करून कालच विभागात पोहोचते केले. चौथे प्रकरण एकही शब्द न बदलता जोडावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उपकार फेडायचे म्हणून इकडे येण्याचे कारण नाही. येणे न येणे हा निराळा प्रश्न आहे, आणि तो मी विचारलेला नाही.

खाली सही करणारी मी कबूल करते की, चाळीस जणींनी जे सांगितले नाही ते तू ऐकलेस, आणि मी ते खोडले. चूक माझी.

तुझी मार्गदर्शक,
आणि तिच्याआधीची
आत्या