दहा मिनिटं पुढे

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, झालं एकदाचं! सोळा वर्षं शिकवून, घासून मी अर्थशास्त्राची पूर्ण प्राध्यापक झाले. बावीस तारखेला दुपारी चार वाजता माझं जाहीर व्याख्यान आहे. विषय, आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ.

हसू नका. आमच्या पुस्तकांतला माणूस भलताच शहाणा असतो. आपण मात्र ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे ठाऊक असूनही धावत सुटायचो. माणूस स्वतःला असं का फसवतो, हेच मी नऊशे जणांवर प्रयोग करून शोधलं. मूळ युक्ती तुमची, हे भर सभेत सांगणार आहे. दोघंही या.

लोभ आहेच, तो घड्याळासारखा थोडा पुढेच असू द्या.

तुमची चिमणी

दि. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी आई दोनदा रडली, मी एकदाच. दुकानात येईल त्याला धरून सांगतोय. एक गिऱ्हाईक तर घड्याळ न घेताच पळालं.

पण पोरी, युक्तीबिक्ती काही नव्हती. त्या मिनिटकाट्याची पकड झिजलेली, कितीही लावा, घसरून दहा मिनिटं पुढेच बसायचा. मला तो कधी दुरुस्तच करता आला नाही. दिव्याखाली अंधार! मग मुद्दाम पुढे ठेवलंय असं ठोकून दिलं. सभेत घड्याळजीचं हसं नको, म्हणून मी येत नाही.

तुझे बाबा

दि. १३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

युक्ती नसतानाही आपण सगळे धावलो, म्हणजे माझा मुद्दा उलट पक्काच झाला. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखल्या आहेत. तिथे दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

तुमची हट्टी चिमणी

दि. २४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी ते घड्याळ उघडलं आणि हट्टाला पेटून दुरुस्त केलं. म्हटलं, आता ताठ मानेनं जाऊ. मग स्वतःच दुरुस्त केलंय हे ठाऊक असूनही सवयीनं मनात दहा मिनिटं वजा करून आम्ही दोघं निवांत चहा पीत बसलो. बस डोळ्यांदेखत गेली!

सभागृहाचं दार ढकललं तर तुझं बोलणं रंगात आलेलं. तू थांबून उशिराचं कारण विचारलंस, मीही खरं तेच सांगितलं. सभा खो खो हसली. मग तू म्हणालीस की माझ्या संशोधनाचा पुरावा आत्ताच दारातून आत आला, हे माझे आईबाबा. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. पोरी, छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं.

घड्याळ आता बरोबर चालतंय, आम्हा दोघांना मात्र दोन दिवस प्रत्येक कामाला उशीर. म्हणून आज आईच्या हुकमावरून दहा मिनिटं पुढे केलं. या वेळी मुद्दाम.

प्रोफेसरीणबाईंचा बाप