रोझेटचा वाढदिवस

आम्स्टरडॅम,
२ डिसेंबर २०१९

चि. वित्से यास,
अनेक उ. आशीर्वाद वि. वि.

ऐंशीला टेकलास तरी मला तू चिरंजीवच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. बातमी अशी आहे की टपालपेटीपाशी उभ्या उभ्या वाचली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना मिठीच मारली. त्या बिचाऱ्या अजून माझ्याकडे संशयाने बघतात. वेस्टरबोर्कच्या स्मारकाकडून होकार आला! तिथे छावणीच्या हजेरीच्या मैदानावर दर पाच वर्षांनी, नाझींनी तिथून मृत्यूछावण्यांकडे गाड्यांत भरून नेलेल्या आणि परत न आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वय मोठ्याने वाचतात. आमच्या घरची नावं मी वाचायची आहेत. आणि आडनावांच्या क्रमाने आमची पाळी कधी आली, तर चोवीस जानेवारीला. रोझेटच्या वाढदिवसाला! आहे की नाही नवल?

आता काळजीचं. सहा वर्षांची ज्यू पोर मी तुमच्या शेतावर लपायला आले, यूदिकची येल्त्ये झाले, तेव्हा तुझ्या आईने बजावलं होतं की धाकट्या बहिणीचं नाव कुणापुढे काढायचं नाही, सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. रोझेटला दुसऱ्या घरी ठेवलं होतं, तिथे ती जर्मनांच्या हाती सापडली. युद्ध संपलं, पण माझी सवय काही सुटली नाही. ते नाव मी लिहिते, तोंडातून मात्र निघत नाही. काल न्हाणीघराचं दार लावून सराव केला. आजोबा, आई, बाबा सगळे झाले आणि तिच्यापाशी आल्यावर मी नळच सोडून दिला. तू शेजारी उभा राहा. माझी बोबडी वळली तर तूच वाच. फक्त तुमचा गावाकडचा हेल काढू नकोस, लोकांना वाटेल गाय हंबरली.

कळावे. लोभ असावा, पण तुमच्याकडच्या बिस्किटासारखा एकच देऊन डब्याचं झाकण लावू नये.

तुझी ताई,
यूदिक

डोक्कुम,
१४ जानेवारी २०२०

ती. येल्त्येताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुणी भाऊ अंगणातल्या बर्फावर उताणा पडला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजून येतो म्हटलं, तर आफ्केने कुबड्याच लपवल्या. बायको कसली, जेलरच ती! ताई, नेमक्या वेळी दगा दिला म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

पण एक सांगू? आलो असतो तरी मी वाचलं नसतं. ते नाव पहिल्यांदा ऐकायचं तर तुझ्याच तोंडून. आमच्याकडच्या तुझ्या पहिल्या वर्षीचा माझ्या बाबांचा वाढदिवस आठवतो? खुर्च्यांचा गोल मांडलेला, जो तो उठून दुसऱ्याचा हात हातात घेतोय, नवऱ्याबद्दल अभिनंदन, मेव्हण्याबद्दल अभिनंदन. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन घरभराचं. तू कोपऱ्यात उभी होतीस. आईने येऊन तुझाही हात हातात घेतला. तेव्हा तू हळूच विचारलंस, माझ्या बहिणीच्या वाढदिवसाला माझं अभिनंदन कोण करणार? उत्तर देता आलं नाही, हे आई मरेपर्यंत सांगायची.

वाचन घरबसल्या दिसतं म्हणे. नातू टीव्हीला जोडून देणार आहे. आम्ही ऐकतोय एवढं ध्यानात ठेव.

लोभ वाढावा, हाड जुळावं.

तुझा आडवा पडलेला,
वित्से

आम्स्टरडॅम,
२४ जानेवारी २०२०

चि. वित्से यास,
अनेक आशीर्वाद.

जमलं! आणि घोळही घातला!

मैदानावरच्या तंबूत वारा असा शिरत होता की हातातला कागद फडफडत होता. आजोबा झाले, आई-बाबा झाले. मग तिचं नाव समोर आलं आणि तुझी आई आठवली. म्हटलं, आता कुणाच्या जिवाला धोका नाही. ‘रोझेट’ अशी ओरडलेच मी! पुढच्या रांगेतले दचकले.

पण पुढचं ऐक. कागदावर वय होतं चार. मी मात्र सकाळपासून मनात घोकत होते की आज बाई एक्याऐंशीची झाली असती. तेच तोंडातून गेलं. ‘एक्याऐंशी.’ माझी कानशिलं तापली. मग ‘चार’ म्हणून दुरुस्ती केली आणि खाली उतरले. तिथल्या बाईंनी फक्त माझा दंड धरला. इतक्या गंभीर जागी मी पोरीला म्हातारी करून टाकलं. लोक काय म्हणाले असतील? तुम्ही ऐकलंत का? खरं खरं कळव, मला चैन नाही.

तरी येताना गाडीत ते नाव पुन्हा पुन्हा घेत होते. समोरच्या माणसाने जागा बदलली.

आफ्केला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहो, मी चुकले तरी.

तुझी ताई,
यूदिक

डोक्कुम,
२६ जानेवारी २०२०

ती. येल्त्येताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं तर! आवाज इतका मोठा ठेवला होता की गोठ्यातल्या गाईंनीही ऐकलं. तुला सांगितलं नव्हतं, पण आम्ही सकाळीच खुर्च्यांचा गोल मांडला होता. कॉफी, साखरपाव, मुलं, नातवंडं, शेजारचा बहिरा डाउव, सगळे हजर.

तू ‘रोझेट’ म्हणालीस आणि आफ्केने हातातला कप खाली ठेवला. मग तू एक्याऐंशी म्हणालीस. चूक आहे हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वाढदिवसाच्या माणसाचं वय ऐकलं की उठायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. डाउव आधी उठला, माझा हात धरून म्हणाला, बहिणीबद्दल अभिनंदन. मग सगळेच उठले आणि एकमेकांचं अभिनंदन करू लागले. तेवढ्यात तू ‘चार’ म्हणालीस. हातात हात तसेच राहिले, खाली कुणी बसेना. आफ्के रडली, मीही रडलो. नंतर आफ्केने सगळ्यांना दुसरं बिस्किट दिलं आणि डबा उघडाच ठेवला. गावात अजून त्याचीच चर्चा आहे.

मग माझ्या लक्षात आलं, रोझेट माझ्याहून वर्षभराने मोठी. मी इतकी वर्षं समजत होतो, मला एकच ताई आहे.

आईला देता आलं नाही ते उत्तर आज घे. ताई, तुझ्या बहिणीबद्दल तुझं मनापासून अभिनंदन, आम्हा सगळ्यांकडून.

लोभ आहेच, आता दोघींवर.

तुम्हा दोघींचा धाकटा भाऊ,
वित्से